पॅकेज टाकलं, पण कुठं? पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

"सर, इन्स्टॉल केलंय की! सक्सेसफुली इन्स्टॉल्ड असं लिहूनपण आलंय. तरी मॉड्यूल नाही म्हणतंय."

सांगलीत विश्रामबागेत मी संध्याकाळच्या बॅचला पायथन शिकवतो. हे वाक्य दर नव्या बॅचमध्ये पहिल्या आठवड्यातच कानावर येतं आणि त्यावर माझा प्रश्नही ठरलेला असतो: "केलंस, पण कुठं?" पोरगं गोंधळतं. कुठं म्हणजे काय, लॅपटॉपमध्येच की.

लॅपटॉपमध्येच, खरंय. पण गेल्या बॅचमधल्या एकीच्या लॅपटॉपवर चार पायथन निघाले. एक पायथनच्या साइटवरून घेतलेला. एक अ‍ॅनाकोंडाबरोबर (पायथन आणि पॅकेजं एकत्र देणारा संच) आलेला. एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरचा, 'पायथन' टाइप केल्यावर जे दुकान उघडतं त्यात 'गेट' दाबून नकळत घेतलेला. आणि एक जुना ३.८, कधीतरी प्रॅक्टिकलसाठी कुणीतरी टाकून दिलेला. प्रत्येक पायथनचं स्वतःचं कोठार असतं, साइट-पॅकेजेस नावाचं फोल्डर. पॅकेजं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, तिथं पडतात. तिच्या पिपनं, म्हणजे पॅकेजं उतरवून टाकणाऱ्या साधनानं, पांडाज (तक्ते हाताळायचं पॅकेज) टाकलं अ‍ॅनाकोंडाच्या कोठारात आणि प्रोग्रॅम चालवला ३.८ नं. त्यानं आपलं कोठार धुंडाळलं, काही सापडलं नाही, तसं सांगून तो मोकळा झाला. त्याची काय चूक?

आमच्याकडं हे समजावायला हरिपूरची पेवं बरी पडतात. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथं जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद साठवायचे. वर माणूस उतरेल एवढं तोंड, आत ऐसपैस पोट. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं गेली, पण ज्यांनी पाहिलीत त्यांना एवढं ठाऊक आहे की या पेवातला माल त्या पेवात आपण होऊन जात नाही. शेजारच्या पेवात हळद गच्च भरलेली असली तरी आपलं रिकामं ते रिकामंच. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे एका प्रोजेक्टसाठी खणलेलं एक पेव. आत काय ठेवायचं ते आपण ठरवायचं, आणि बाहेर काही उलटंपालटं झालं तरी आतल्या मालाला धक्का नाही.

पुढं जाण्याआधी कमांडांबद्दल एक खुलासा. माझं निम्मं शिकवणं फोनवर चालतं, त्यामुळं कमांड तोंडी सांगायची सवय लागलीय आणि इथंही त्या उच्चाराप्रमाणेच लिहिल्यात. टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे, आणि मी वेगळं सांगितलं नाही तर सगळी लहान लिपीत. 'पिप' म्हणजे पी-आय-पी. 'व्हेन्व', म्हणजे हे पेव खणणारं साधन, व्ही-ई-एन-व्ही. '-एम' म्हणजे एक डॅश आणि त्याला चिकटून एम, मध्ये जागा नाही. दोन डॅश दिसले तर दोनच टाइप करायचे. टिंब दिसलं तर टिंब.

आधी पायथन मोजा

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि टाइप करा:

पाय -०

'पाय' म्हणजे पी-वाय आणि पुढं शून्य. मशीनवर नोंदलेले पायथन एकाखाली एक येतील. जास्त निघाले म्हणून घाबरून लगेच काढाकाढी करू नका. त्यातला एक निवडा आणि तो आकडा लक्षात ठेवा.

कोणता निवडायचा? माझं मत असं की सगळ्यात नवा घेऊ नये. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते: ३.१२ आली २०२३ ला, ३.१३ आली २०२४ ला, ३.१४ आली २०२५ ला. दिवाळीच्या सुट्टीत हौसेनं ती टाकणारे माझ्याकडं दिवाळीनंतर तक्रार घेऊन येतात. कारण सरळ आहे. नमपाय (आकडेमोडीचं), पांडाज यांच्यासारखी पॅकेजं पूर्ण पायथनमध्ये लिहिलेली नसतात, आत सी भाषेतला भाग असतो. तो आधीच बांधून 'व्हील' नावाच्या फाइलीत मिळतो, आणि बहुतेक व्हील पायथनच्या एकेका आवृत्तीसाठी वेगळं असतं. मोठी पॅकेजं ते लगेच काढतात, छोटी मागं रेंगाळतात. व्हील मिळालं नाही की पिप मूळ कोड उतरवून तुमच्याच मशीनवर बांधायला बसतो, आणि मग पडदाभर लाल अक्षरं येऊन शेवटी 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० पाहिजे' असं काहीतरी येतं. पोरं तो कम्पायलर उतरवायला लागतात, तो काही जीबींचा. त्यापेक्षा एक आवृत्ती मागचा पायथन घ्या. कटकटच नाही.

इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत खाली 'अ‍ॅड पायथन टू पाथ' अशी चौकट असते, तिच्यावर टिक करायला विसरू नका.

उबुंटू (लिनक्स) वापरत असाल तर पायथन आधीच असतो, पण व्हेन्वचा भाग बऱ्याचदा वेगळा टाकावा लागतो: सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व. उबुंटूवाल्यांना आणखी एक गोष्ट भेटते. नुसतं पिप इन्स्टॉल केलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून ते नकार देतं. २०२३ पासून, म्हणजे उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून, हे सुरू झालं. तो दोष नव्हे, राखण आहे. तिथला पायथन ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच्या कामाला वापरते, त्यात तुम्ही हात घालू नये म्हणून. त्याच संदेशात 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असा एक पर्यायही सुचवलेला असतो. नावातच काय होणार ते लिहिलंय. तरी लोक वापरतात.

माझी फजिती

एवढं पेवाचं पुराण सांगणारा मी स्वतः कित्येक वर्षं सगळं एकाच पायथनमध्ये टाकत होतो. पावसाळ्यात इथं सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाण्याकडं असतं. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हापासून चाळीसचा आकडा ऐकला की गावभागातले लोक सामान वर चढवायला लागतात. मी एक छोटा प्रोग्रॅम केला होता. एक्सेलमध्ये रोजची पातळी भरायची, तो आलेख काढायचा, चाळीसवर पिवळी रेघ आणि पंचेचाळीसवर लाल.

२०२४ च्या जूनमध्ये नमपाय २.० आलं. दुसऱ्याच कुठल्या कामासाठी मी ते अपग्रेड केलं. पिपनं दोन-तीन लाल ओळी दाखवल्या, की अमुक पॅकेजला नमपाय २ च्या खालचंच हवंय. त्याखाली 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' होतं. मी खालची ओळ वाचली, वरच्या सोडल्या. पुढं पाणी चढायला लागलं त्या सकाळी आलेखाचा प्रोग्रॅम उघडला तर तो उघडेना. नमपाय १ वर बांधलेलं मॉड्यूल नमपाय २ मध्ये चालू शकत नाही, असा संदेश. आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब जुनं, नमपाय नवं. बहिणीचा फोन येतोय, "दादा, तुझा तो आलेख पाठव की," आणि मी नमपाय मागं आणतोय, तर ज्या कामासाठी पुढं नेलं होतं ते बंद पडतंय.

एका पायथनमध्ये एका पॅकेजची एकच आवृत्ती राहते. दोन कामांना दोन वेगळ्या लागल्या की भांडण ठरलेलं. त्या दिवसापासून पुराचं पेव वेगळं, क्लासच्या हजेरीचं वेगळं.

फोल्डर आणि पेव

तोच पुराचा प्रोग्रॅम उदाहरणाला घेऊ. प्रोजेक्टसाठी साधं फोल्डर करा, समजा सी:\काम\पूर. नाव इंग्रजी लिपीत ठेवा आणि मध्ये स्पेस देऊ नका. मराठी नाव बहुतेक ठिकाणी चालतं, पण जिथं चालत नाही तिथं कारण शोधण्यात संध्याकाळ जाते. डेस्कटॉपवरही करू नका, कारण अनेक लॅपटॉपांवर डेस्कटॉप हा वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्याला, जोडलेला असतो. एन्व्हायर्नमेंटमध्ये हजारो बारीक फाइली असतात, त्या सगळ्या वर चढवायला तो बसला की मोबाइलच्या हॉटस्पॉटचा जीव जातो.

कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फोल्डरात या आणि लिहा:

पाय -३.१२ -एम व्हेन्व .व्हेन्व

म्हणजे ३.१२ या पायथनला (तुम्ही निवडलेला आकडा वेगळा असेल तर तो लिहा) सांगितलं, तुझं व्हेन्व नावाचं मॉड्यूल चालव आणि इथं .व्हेन्व नावाचं फोल्डर कर. शेवटचं नाव तुमच्या मर्जीचं, पण .व्हेन्व हीच रूढ पद्धत आहे आणि एडिटरही ते नाव ओळखतात. उबुंटू किंवा मॅकवर सुरुवातीला 'पाय -३.१२' च्या जागी 'पायथन३' लिहा, बाकी तसंच. वेगळं काही उतरवावं लागत नाही. व्हेन्व पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, पायथनमध्येच आहे आणि ३.४ पासून नव्या पेवात पिपही आपोआप येतो.

कमांड दिल्यावर काही सेकंद काहीच दिसत नाही, मग नुसता प्रॉम्प्ट परत येतो. काही छापलं नाही म्हणजे झालं नाही असं समजून पोरं तीन-तीनदा देतात. झालेलं असतं.

एकदा ते फोल्डर उघडून बघाच. आत 'पायव्हेन्व.सीएफजी' नावाची चिमुकली फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडा. 'होम' या शब्दापुढं मूळ पायथनचा पत्ता लिहिलेला दिसेल. त्याच्याखाली 'इन्क्लूड-सिस्टिम-साइट-पॅकेजेस' आणि पुढं 'फॉल्स'. म्हणजे बाहेरच्या कोठारातलं काही आत घ्यायचं नाही. सगळी जादू म्हणतात ती ही चार-पाच ओळींची फाइल. पायथन सुरू होताना ती शोधतो, सापडली की आपलं कोठार बदलतो.

आत उतरणं

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये:

.व्हेन्व\स्क्रिप्ट्स\अ‍ॅक्टिव्हेट

उबुंटू-मॅकवर:

सोर्स .व्हेन्व/बिन/अ‍ॅक्टिव्हेट

विंडोजची तिरकी रेघ उलटी आणि लिनक्सची सुलटी, यावर फोनवर सगळ्यात जास्त वेळ जातो. प्रॉम्प्टच्या आधी कंसात .व्हेन्व दिसायला लागलं की उतरलात.

पॉवरशेलमध्ये हेच केलं तर पुष्कळदा 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड ऑन धिस सिस्टिम' असं लाल अक्षरांत येतं. लॅपटॉप बिघडलेला नाही. विंडोज मुळातच स्क्रिप्ट चालवायला बंदी घालून येतं. सोपा उपाय म्हणजे पॉवरशेल सोडून साधा कमांड प्रॉम्प्ट उघडायचा. पॉवरशेलच हवं असेल तर एकदाच ही कमांड द्या: सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयूजर रिमोटसाइन्ड. ती फक्त तुमच्या लॉगिनपुरती बदलते.

अ‍ॅक्टिव्हेट करणं म्हणजे नक्की काय, हे मात्र नीट कळू द्या, कारण निम्मे घोळ इथले असतात. त्यानं पायथन बदलत नाही. 'पायथन' असा शब्द टाइप केला की आधी कुठल्या फोल्डरात बघायचं, त्या यादीत तुमच्या पेवाचं फोल्डर सगळ्यात वर जातं. तेही फक्त त्या एका खिडकीत. दुसरी खिडकी उघडली तर तिला यातलं काही माहीत नाही. खिडकी बंद केली, चहा पिऊन आलात, नवी उघडली, की परत उतरावं लागतं. दुसऱ्या दिवशीही. एन्व्हायर्नमेंट मात्र परत करायची नाही! रोज सकाळी नवं पेव खणणारे मी पाहिलेत. पेव फुटतं म्हणतात ते असं.

यातून एक सोयही निघते. अ‍ॅक्टिव्हेट न करताही काम होतं. .व्हेन्व\स्क्रिप्ट्स\पायथन असा पूर्ण पत्ता देऊन प्रोग्रॅम चालवला तरी तो पेवातलाच माल वापरतो. रोज सकाळी सात वाजता आलेख आपोआप निघावा म्हणून टास्क शेड्युलरमध्ये काम लावायचं असेल तर तिथं हाच पूर्ण पत्ता द्यायचा.

टाकण्याआधी विचारा

इथं मी वर्गात सगळ्यांना थांबवतो. इन्स्टॉल करायची घाई सगळ्यांना असते, पण आधी हे:

पायथन -एम पिप --व्हर्जन

उत्तर साधारण असं येतं:

पिप २४.० फ्रॉम सी:\काम\पूर\.व्हेन्व\लिब\साइट-पॅकेजेस\पिप (पायथन ३.१२)

आवृत्तीचा आकडा सोडा, पत्ता वाचा. त्यात तुमच्या प्रोजेक्टचं फोल्डर आणि .व्हेन्व दिसलं तर माल बरोबर पेवात पडणार. प्रोग्रॅम फाइल्स किंवा अ‍ॅनाकोंडा दिसलं तर तुम्ही अजून वरच उभे आहात.

नुसतं 'पिप' न म्हणता दर वेळी 'पायथन -एम पिप' का? पिप ही एक वेगळी छोटी फाइल असते आणि मशीनवर जितके पायथन तितके पिप असू शकतात. नुसतं पिप म्हटलं की त्यातला कोण धावून येईल ते यादीच्या क्रमावर ठरतं. 'पायथन -एम पिप' म्हटलं की जो पायथन प्रोग्रॅम चालवणार, त्याच्याच पिपला काम जातं. टाकणारा आणि वापरणारा एकच. चार अक्षरं जास्त लागतात, पण या लेखातली एकच सवय लावून घेणार असाल तर ही घ्या.

आता टाका:

पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज ओपनपायएक्सएल मॅटप्लॉटलिब

ओपनपायएक्सएल हे सगळं जोडून, ओपन-पी-वाय-एक्स-एल. पांडाजला एक्सेलची नवी फाइल वाचायला ते लागतं, पण पांडाज ते स्वतःबरोबर आणत नाही. नमपाय मात्र न सांगता येईल, कारण त्याशिवाय पांडाजचं पानच हलत नाही.

ठरावीक आवृत्ती हवी असेल तर दोन बरोबरची चिन्हं देऊन आकडा लिहा. 'अमुकपेक्षा नवं' असं सांगायचं असेल तर पॅकेजचं नाव आणि चिन्ह मिळून दुहेरी अवतरणात टाका. नाहीतर 'पेक्षा मोठं' या चिन्हाचा अर्थ टर्मिनल 'उत्तर फाइलीत लिही' असा घेतं. पॅकेज कुठल्याही आवृत्तीचं येतं आणि फोल्डरात आवृत्तीच्या आकड्याच्या नावाची एक अनाकलनीय फाइल तयार होते. तशी फाइल दिसली तर काय झालंय ते आता तुम्हाला कळेल.

नावांचा घोळ

कोडमध्ये 'इम्पोर्ट' पुढं जे लिहायचं आणि पिपला जे सांगायचं ते एकच असेल असं नाही. कोडमध्ये सीव्ही२, पिपला ओपनसीव्ही-पायथन. कोडमध्ये पीआयएल (हे मोठ्या लिपीत), पिपला पिलो. कोडमध्ये बीएस४, पिपला ब्यूटिफुलसूप४. कोडमध्ये याम्ल, पिपला पायवायएएमएल. कोडमध्ये एसकेलर्न, पिपला सायकिट-लर्न. यात नियम काही नाही, घरातलं नाव आणि शाळेतलं नाव वेगळं असावं तसं.

म्हणून 'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं की तेच नाव पिपला देऊन बघू नका. पॅकेजं जिथून येतात त्या पायपीआयवर कुणीही पॅकेज चढवू शकतो, आणि प्रसिद्ध नावांसारखी दिसणारी नावं घेऊन बसलेले भामटेही तिथं असतात. असल्या घातक पॅकेजांचा मारा एवढा झाला की २०२४ च्या मार्चमध्ये पायपीआयला नवी खाती आणि नवे प्रोजेक्ट घेणं काही तास थांबवावं लागलं होतं. हल्ली चॅटबॉटला विचारून कोड घ्यायची पद्धत आहे आणि तो कधीकधी अस्तित्वातच नसलेलं पॅकेज ठोकून सांगतो. तेच नाव उद्या कुणी भामट्यानं घेऊन ठेवलं असेल तर? आधी पायपीआयवर जाऊन पान उघडा, किती जुनं आहे आणि मूळ कोडचा दुवा आहे का ते बघा, मगच टाका.

आणि स्वतःच्या फाइलीला पांडाज.पीवाय असं नाव देऊ नका. पायथन आधी प्रोग्रॅम ज्या फोल्डरात आहे तिथंच बघतो, तुमचीच फाइल उचलतो आणि म्हणतो की यात एक्सेल वाचायची सोय नाही. नसणारच!

टाकून झाल्यावर:

पायथन -एम पिप चेक

पॅकेजांचं आपसात पटतंय का ते हा सांगतो. 'नो ब्रोकन रिक्वायरमेंट्स फाउंड' आलं म्हणजे पटतंय. त्या पावसाळ्यात मी हे केलं असतं तर बहिणीला आलेख वेळेवर मिळाला असता.

एडिटरला पण सांगा

टर्मिनलमध्ये चालतं आणि व्हीएस कोडच्या त्रिकोणी बटणानं चालत नाही, ही पुढची हमखास तक्रार. एडिटर स्वतःच्या मनानं पायथन निवडतो. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा, 'पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर' निवडा, यादीत .व्हेन्व असलेला घ्या. एका प्रोजेक्टला एकदाच करावं लागतं. जुपिटर नोटबुकमध्ये वर उजवीकडं कर्नल, म्हणजे नोटबुक चालवणारा पायथन, निवडायची जागा असते, तिथंही तेच. नोटबुकच्या आतून पॅकेज टाकायचं असेल तर उद्गारचिन्हाचं पिप वापरू नका, टक्क्याचं चिन्ह लावून 'पिप इन्स्टॉल' लिहा. उद्गारचिन्हवाला यादीतला पहिला पिप उचलतो, टक्केवाला चालू कर्नलचा.

वारंवार विसरणाऱ्यांसाठी, आणि मी त्यातला एक, एक कुलूप आहे. विंडोजवर एकदाच लिहा: सेटएक्स पिप_रिक्वायर_व्हर्च्युअलएन्व ट्रू. मधलं नाव मोठ्या लिपीत, पी-आय-पी, मग खालची रेघ, रिक्वायर, खालची रेघ, आणि व्हर्च्युअल-ई-एन-व्ही जोडून. नवी खिडकी उघडल्यापासून पेवाबाहेर पिप इन्स्टॉल चालणारच नाही, एन्व्हायर्नमेंट सापडली नाही म्हणून सरळ नकार देईल.

यादी, आणि दुसऱ्याच्या मशीनवर नेणं

एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर कॉपी करून मित्राला देता येत नाही. आतल्या फाइलींत पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. तुमच्याच मशीनवर प्रोजेक्टचं नाव 'पूर' वरून 'महापूर' केलंत तरी अ‍ॅक्टिव्हेट आणि पिप बिघडतात. पेव उचलून दुसऱ्या वावरात नेता येतं का? न्यायची असते ती यादी:

पायथन -एम पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

समोरच्यानं आपल्याकडं नवी एन्व्हायर्नमेंट करायची, आत उतरायचं आणि:

पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

फ्रीझ सगळंच लिहितो, तुम्ही मागितलेलं आणि त्याच्या मागून आलेलंही, प्रत्येकाच्या नेमक्या आवृत्तीसह. तुम्ही स्वतः मागितलेली तीन नावं त्यात हरवतात. मी ती वेगळ्या फाइलीत हातानं लिहून ठेवतो. वर्षभरानं सगळं नवं करायचं म्हटलं की ती तीन नावंच उपयोगी पडतात. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरत असाल तर यादी चढवा आणि .व्हेन्व वगळा. पायथन ३.१३ पासून व्हेन्व ते स्वतःच वगळून ठेवतो, त्याआधीच्यांनी हातानं.

आटपाडी, जतकडची मुलं रोजच्या दीड जीबीवर काम करतात. त्यांच्यासाठी क्लासमध्ये पेनड्राइव्ह ठेवलाय. इथल्या इंटरनेटवर एकदा:

पायथन -एम पिप डाउनलोड -डी पुडकी -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

'पुडकी' हे आपलं फोल्डर, त्यात व्हीलच्या फाइली येऊन पडतात. त्या पेनड्राइव्हवर घेऊन घरी, इंटरनेट बंद असताना:

पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स पुडकी -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

दोन्हीकडं पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम तीच हवी. फाइलीच्या नावातच ते लिहिलेलं असतं, सीपी३१२ म्हणजे ३.१२, विन आणि एएमडी६४ म्हणजे ६४ बिटांचं विंडोज. एकदा एकजण इथून ३.१२ ची पुडकी घेऊन गेला, घरी ३.११ निघाला. एसटीनं परत आला बिचारा.

"प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं म्हणजे दर वेळी सगळं परत डाउनलोड?" नाही. पिप उतरवलेलं व्हील आपल्या साठ्यात ठेवतो, दुसऱ्यांदा तिथूनच काढतो. डिस्कवरची जागा मात्र दर वेळी जाते, पांडाज-मॅटप्लॉटलिबच्या एका पेवाला दीड-दोनशे एमबी सहज. जुनं काम संपलं की ते पेव बुजवून टाकायचं.

यूव्ही नावाचं २०२४ मध्ये आलेलं साधन हेच सगळं फार झपाट्यानं करतं, आणि अ‍ॅनाकोंडाचं स्वतःचं कोंडा आहे. दोन्ही चांगली, पण पहिले दोन-तीन महिने व्हेन्व आणि पिपवरच काढा. निदान एका प्रोजेक्टमध्ये दोन पद्धती मिसळू नका.

बिघडलं तर

पिप अनइन्स्टॉल करून दुरुस्ती करत बसू नका. पांडाज काढलं तरी त्याच्याबरोबर आलेलं नमपाय मागं राहतं, आणि अर्धवट साफ केलेलं पेव हे घाणेरड्या पेवापेक्षा वाईट. 'डीअ‍ॅक्टिव्हेट' लिहून बाहेर या, .व्हेन्व फोल्डर खुशाल डिलीट करा. तुमचा कोड आणि एक्सेल त्याच्या बाहेर आहे, त्याला काही होत नाही. कोड .व्हेन्वच्या आत ठेवलेला असेल तर आधी बाहेर काढा. असे महाभाग असतात.

मग नवं पेव, आणि हातानं लिहिलेल्या त्या छोट्या यादीवरून इन्स्टॉल. बिघाड नसतानाही हे महिन्यातून एकदा मुद्दाम करून बघावं, दहा मिनिटांचं काम. प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला नाही तर यादीत काहीतरी लिहायचं राहून गेलंय. आमच्या बॅचमध्ये दहातल्या आठ वेळा ते ओपनपायएक्सएल असतं, कारण कोडमध्ये त्याचं नाव कुठंच येत नाही.